शेवटचा डाव

गौरीच्या जागरणानंतरची सकाळ माझ्या दवाखान्यात संथ असते. रात्रभर जागलेले माहुल गाव उशिरा उठते, आणि उठल्यावर विसर्जनाच्या तयारीला लागते. गेल्या वर्षी मात्र नऊ वाजण्यापूर्वीच दारात एक जोडपे उभे होते. गृहस्थ शेहेचाळीस वर्षांचे, खाडीत आणि समुद्रात मासेमारी करणारे, अंगाने मजबूत. छातीत धडधडते आणि डोके जड झाले आहे, एवढेच ते सांगत होते. रक्तदाब १७०/१०४ भरला, नाडी १०८ होती. ईसीजी काढला. सुदैवाने त्यात चिंतेचे काही दिसले नाही.

"रात्रीची गोळी घेतली होती का?" मी विचारले.

ते गप्प राहिले. उत्तर पत्नीने दिले. "गोळी कुठली घेतात मॅडम! रात्री नऊला जे बसले, ते सकाळी सहाला उठले. चहा आणि तंबाखू, बाकी पोटात काही नाही."

बसले होते ते तीन पत्तीला. जागरणाच्या रात्री आपल्या कोळीवाड्यांतून आणि कोकणातल्या घरांतून पत्ते निघतात, यात नवल नाही. नवल त्यांच्या हिशोबाचे होते. रात्री साडेबाराला ते अडीच हजारांनी पुढे होते, अडीचच्या सुमारास बरोबरीवर आले आणि उजाडताना अडतीस हजारांनी मागे. पावसाळी बंदीनंतर हंगाम नुकताच सुरू झाला होता, आणि होडीच्या इंजिनाच्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवलेली रक्कम या अडतीस हजारांत होती.

"शेवटचा डाव म्हणून बसलो होतो, मॅडम," ते खाली मान घालून म्हणाले.

"असे शेवटचे डाव किती झाले?"

त्यांनी बोटांवर मोजले. "सात-आठ झाले असतील."

या सात-आठ शेवटच्या डावांविषयीच आज लिहायचे आहे. (त्यांच्या संमतीने लिहीत आहे, ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

वाचकहो, पत्त्यांवर कोरडा उपदेश करण्याचा माझा अधिकार नाही. बदाम सात, पाच-तीन-दोन, झब्बू आणि मेंढीकोट खेळतच मी मोठी झाले. घरातल्या वडीलधाऱ्यांशी बरोबरीच्या नात्याने बोलण्याची संधी मुलांना पत्त्यांच्या डावातच मिळत असे. पैसे लावून खेळण्याबाबत कायदा कडक आहे. जुगाराला प्रतिबंध करणारा आपल्या राज्यातील कायदा १८८७ सालचा आहे, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा मंजूर केला. तरीही सणाच्या रात्री पत्ते वाटले जातातच. म्हणून डॉक्टर या नात्याने मला एका वेगळ्या गोष्टीकडे लक्ष वेधायचे आहे. साडेबारा वाजता शहाणपणाने खेळणारा माणूस पहाटे पाच वाजता वेड्यासारखा का खेळतो? माणूस तोच, पत्ते तेच, मित्रही तेच. मग या साडेचार तासांत बदलते काय?

पहिला बदल मेंदूत होतो, आणि तो झोपेच्या अभावी होतो. १९९७ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी काही व्यक्तींना जागे ठेवून त्यांची हातांची आणि डोळ्यांची चपळाई तपासली. सलग सतरा तास जागल्यावर त्यांची कामगिरी, रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी खालावली. चोवीस तासांनंतर ती सुमारे ०.१० टक्के अल्कोहोलच्या पातळीला पोचली. आपल्या देशात वाहन चालवण्यासाठीची कायदेशीर मर्यादा ०.०३ टक्के आहे. आमचे हे गृहस्थ आदल्या पहाटे पाचला उठले होते. म्हणजे रात्री दहा वाजताच, एक थेंबही न घेता, त्यांचा मेंदू त्या मर्यादेपलीकडच्या माणसासारखा चालू लागला असणार. पहाटे पाचला तर चोवीस तास पुरे झाले होते. ज्या अवस्थेतल्या माणसाच्या हाती आपण स्कूटरची किल्ली देणार नाही, त्या अवस्थेत त्यांनी इंजिनाचे पैसे मांडले.

झोप कमी झाली की केवळ चपळाई मंदावते असे नाही. सिंगापूरमधील संशोधकांनी जागरण केलेल्या निरोगी तरुणांना पैशांच्या जोखमीचे खेळ खेळायला दिले आणि त्यांच्या मेंदूचे स्कॅन केले. जागरणानंतर त्यांचे लक्ष मोठ्या लाभाकडे अधिक झुकले आणि हानीची जाणीव करून देणाऱ्या भागाचा प्रतिसाद मंदावला. साध्या शब्दांत सांगायचे तर जागलेल्या मेंदूला जिंकण्याची आशा मोठी दिसते आणि हरण्याची झळ कमी लागते. चहाने यावर उपाय होत नाही. चहा-कॉफीतले कॅफीन झोपेची सूचना काही काळ दाबून ठेवते, डोळे उघडे राहतात. पण ढासळलेला विवेक त्यामुळे पूर्ववत होत नाही. आपण ताजेतवाने आहोत असे वाटणे आणि खरोखर तसे असणे यांतले हे अंतर फार महागात पडते.

दुसरा बदल हिशोबाच्या वहीत होतो. डॅनियल कानमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली मांडलेला सिद्धान्त आता सर्वमान्य आहे. शंभर रुपये मिळाल्याच्या आनंदापेक्षा शंभर रुपये गमावल्याचे दुःख माणसाला कितीतरी अधिक, ढोबळ मानाने दुप्पट, जाणवते. त्यामुळे हरलेला माणूस सावध होत नाही, तो उलट अधिक धाडसी होतो. निश्चित तोटा पदरात घेऊन उठण्यापेक्षा, 'निदान बरोबरीवर तरी येऊ' या आशेने तो मोठी जोखीम पत्करतो. घोड्यांच्या शर्यतींच्या अभ्यासात हे १९५६ सालीच दिसून आले होते. दिवसाच्या शेवटच्या शर्यतींत लोक जिंकण्याची शक्यता अगदी कमी असलेल्या घोड्यांवर अधिक पैसे लावतात, कारण दिवसभराचा तोटा एका फटक्यात भरून काढण्याइतके मोठे बक्षीस त्याच घोड्यांवर असते. घोडे दुपारी होते तसेच संध्याकाळी असतात. बदललेला असतो तो पैसे लावणारा.

यातला आकडा एकदा कागदावर मांडून पाहा. हजार रुपये हरलात आणि ठरवले की दर वेळी दुप्पट लावून भरपाई करायची. हजार, दोन हजार, चार हजार, आठ हजार, सोळा हजार. लागोपाठ पाच डाव हरलात की एकतीस हजार गेले. सहाव्या डावाला बत्तीस हजार लावून जिंकलात, तरी तुमच्या पदरात पडणार किती? फक्त एक हजार. एक हजारासाठी त्रेसष्ट हजारांची जोखीम! दुपारी दोन वाजता हे गणित कोणालाही पटेल. पहाटे पाचला ते कोणीही मांडत नाही.

तिसरा बदल 'थोडक्यात गेले' या भावनेचा. आमच्या गृहस्थांना एक डाव स्वच्छ आठवत होता. त्यांच्या हाती कलर होता आणि समोरच्याकडे सिक्वेन्स निघाली. "एका पत्त्याने गेलं, मॅडम," असे ते म्हणाले, आणि म्हणताना त्यांचे डोळे चमकले. २००९ साली इंग्लंडमधील एका अभ्यासात असे आढळले की, थोडक्यात हुकलेला विजय मेंदूतील तीच केंद्रे उद्दीपित करतो, जी प्रत्यक्ष विजयाने उद्दीपित होतात. हातात काही येत नाही. पण खेळत राहण्याची इच्छा वाढते. पत्त्यांना मात्र स्मरणशक्ती नसते. पिसून पुन्हा वाटले की मागच्या डावात कोण किती थोडक्यात हरला, हे त्यांना ठाऊक नसते. आता आपली पाळी आली आहे, हा विचार मनातला आहे. गड्डीत त्याला जागा नाही.

पोकर हा खेळ अलीकडे आपल्या तरुण मुलांच्या परिचयाचा झाला आहे. त्याच्या जाणकारांचा एक विचार आपण घेण्याजोगा आहे. ते म्हणतात की चांगल्या खेळाडूचे कौशल्य पैसे लावण्यापेक्षा पत्ते टाकून देण्यात अधिक दिसते. कमकुवत पत्ते शांतपणे टाकणे हीच त्याची मिळकत. आणि बैठकीच्या अखेरीस नेमके हेच सुटते. शेवटचे चार डाव राहिले, आता प्रत्येक डाव खेळून घेऊ, असे वाटू लागते. वास्तविक बैठकीचा शेवट ही आपल्या सोयीसाठी ओढलेली रेघ आहे. आज बरोबरीवर उठलो की हजाराने मागे, याला आपल्या मनाखेरीज कुठेही अर्थ नाही. पुढच्या सणाला बसाल तेव्हा तीच वही पुढे चालू होणार. हे एकदा पटले की आजच्या आज भरपाई केलीच पाहिजे, हा दबाव आपोआप सैल होतो.

आपल्या परंपरेला हे ठाऊक नव्हते असे नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील चौतिसावे सूक्त एका जुगाऱ्याचे आत्मकथनच आहे. महाभारताच्या सभापर्वात तर हा सारा क्रम दिसतो. धर्मराजाने आधी संपत्ती लावली, मग राज्य, मग एकेक भाऊ, मग स्वतःला, आणि शेवटी द्रौपदीला. पण मला नेहमी अस्वस्थ करते ते पुढचे प्रकरण. द्रौपदीमुळे सारे परत मिळाले, पांडव घरी निघाले, आणि वाटेत पुन्हा बोलावणे आले. आता एकच डाव, असे ठरले. त्या एका डावाने बारा वर्षांचा वनवास आणि एक वर्षाचा अज्ञातवास पदरी आला. धर्मराजाला धर्म कळत नव्हता असे कोण म्हणेल? चुकीच्या वेळी, चुकीच्या मनःस्थितीत निर्णय घ्यायची वेळ आली की ज्ञान उपयोगी पडत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

हे मी दुसऱ्यांविषयी लिहीत नाही. काही वर्षांपूर्वीची गोष्ट. रात्रीचे पावणेअकरा झाले होते, दिवसातली शेवटची रुग्ण समोर होती. पन्नाशीची बाई, जेवणानंतर छातीच्या खाली जळजळ. मी पित्ताची गोळी लिहून दिली. त्या उठून दाराशी गेल्या, तेव्हा त्यांचे यजमान सहज म्हणाले, "घामाने साडी भिजली तिची." मी त्यांना परत बोलावले आणि ईसीजी काढला. हृदयविकाराचा झटका होता. वेळेत रुग्णालयात पोचल्याने त्या वाचल्या. पण त्यात माझे श्रेय थोडे आणि त्यांच्या यजमानांचे अधिक. सकाळी दहा वाजता हीच बाई आली असती तर मी पहिला प्रश्न घामाचाच विचारला असता. माझे ज्ञान तेच होते, घटिका वेगळी होती. अमेरिकेत २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातही दिसले की, सर्दी-खोकल्याच्या रुग्णांना अनावश्यक प्रतिजैविके लिहून देण्याचे प्रमाण बाह्यरुग्ण विभागाच्या प्रत्येक सरत्या तासासोबत वाढत जाते.

त्या रात्रीनंतर मी एक नियम केला. शेवटच्या पाच रुग्णांपूर्वी उठायचे, तोंडावर पाणी मारायचे, आणि तक्रार कितीही किरकोळ असो, त्या पाचांची नाडी आणि रक्तदाब तपासल्याशिवाय लेखणी उचलायची नाही. हा नियम मी सकाळी केला आहे, हे महत्त्वाचे. रात्री पावणेअकराला मला त्यावर विचार करायचा नसतो, तो केवळ पाळायचा असतो. शिस्त म्हणजे शेवटच्या तासात दाखवायचा मनोनिग्रह, अशी आपली समजूत असते. माझ्या मते शिस्त म्हणजे पहिल्या तासातल्या ताज्या डोक्याने शेवटच्या तासातल्या थकलेल्या डोक्यासाठी करून ठेवलेली सोय.

पूर्वी ही सोय बाहेरून होत असे. पहाटेच्या आरतीची वेळ झाली की सतरंजी गुंडाळली जाई. नळाला पाणी आले की घरची हाक येई. कारखान्यात पहिली पाळी असलेला उठला की डाव मोडे. मोबाइलवरच्या खेळाला आरती नाही आणि सतरंजीही नाही. मध्यरात्रीनंतरही समोर कोणीतरी खेळायला तयार असतेच. गेल्या काही वर्षांत माझ्याकडे आलेल्या काही तरुण मुलांची दुखणी अशी एकट्याने, पांघरुणाखाली घालवलेल्या रात्रींची होती. बंदीचा कायदा आला तरी आडमार्गाने चालणारे खेळ असतातच. म्हणून पालकांनी मुलाच्या फोनइतकेच त्याच्या झोपेकडेही लक्ष ठेवावे.

आता सणाच्या रात्रीसाठी काही साध्या गोष्टी. खेळायचेच असेल तर शक्यतो पैशांऐवजी चिंचोके किंवा गुणांवर खेळावे. रंगत कमी होत नाही, हे मी अनुभवाने सांगते. उठण्याची वेळ बसण्यापूर्वी सर्वांसमक्ष ठरवावी, आणि ती घड्याळावर ठरवावी. 'जिंकलो की उठू' किंवा 'बरोबरीवर आलो की उठू' ही वेळ नव्हे. मध्यरात्रीनंतर डावाची रक्कम वाढवायची नाही, हा नियम घरच्या यजमानाने आधीच जाहीर करावा. दर तासाला उठून पाणी प्यावे, चार पावले चालावे. लघवी रोखून धरू नये. मधुमेह किंवा रक्तदाब असणाऱ्यांनी जेवण आणि गोळ्यांची वेळ चुकवू नये. हृदयविकाराचे झटके सकाळच्या तासांत अधिक येतात. त्यात जागरण, तंबाखू आणि हरल्याचा ताण यांची भर घालू नये.

घरच्यांनाही दोन शब्द. पहाटे चार वाजता सर्वांदेखत केलेली कानउघाडणी सहसा आणखी एका डावाला कारण होते. बोलायचे ते माणूस झोपून उठल्यावर, जेवल्यावर बोलावे. आणि झालेले कर्ज गुपचूप फेडून टाकू नये. मायेने केलेली ही मदत पुढच्या बैठकीचे भांडवल ठरते. हिशोब दोघांनी मिळून, कागदावर मांडावा.

काही वेळा मात्र ही केवळ सणापुरती चूक नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात जुगाराच्या विकाराची गणना व्यसनाधीन वर्तनाच्या विकारांत केली आहे. गेलेले पैसे परत मिळवण्यासाठी दुसऱ्या दिवशी पुन्हा खेळणे, खोटे बोलणे, उसने घेणे, खेळ थांबवला की चिडचिड होणे, आणि थांबण्याचे प्रयत्न वारंवार फसणे, ही त्याची लक्षणे. त्यावर समुपदेशनाने आणि मानसोपचाराने चांगला उपयोग होतो. आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. कंपवातासाठी दिल्या जाणाऱ्या काही औषधांमुळे, विशेषतः प्रामिपेक्सोलसारख्या गोळ्यांमुळे, काही रुग्णांत जुगाराची अनावर ओढ निर्माण होऊ शकते. आयुष्यभर पत्त्याला हात न लावलेले आजोबा अचानक लॉटरीची तिकिटे घेऊ लागले, तर त्यांना रागावण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवावे. गोळी मात्र स्वतःहून बंद करू नये. कर्जापायी जीव नकोसा झाल्याचे कोणी बोलले तर ते बोलणे कधीही हसण्यावारी नेऊ नये. सरकारची 'टेलिमानस' ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध असते, आणि तिथे मराठीत बोलता येते.

आमच्या गृहस्थांना मी त्या सकाळी औषध दिले, दिवसभर झोपायला सांगितले आणि तिसऱ्या दिवशी दोघांना एकत्र बोलावले. वहिनींनी एका जुन्या वहीच्या पानावर हिशोब मांडून आणला होता. इंजिनाच्या दुरुस्तीसाठी सोसायटीकडून उचल घ्यावी लागली आणि ती फेडायला पुढचे पाच महिने गेले. त्या पाच महिन्यांत घरातली बरीच खरेदी लांबणीवर पडली. हे मी सौम्य करून सांगणार नाही.

दिवाळीनंतर ते रक्तदाब तपासायला आले. १३६/८६ भरला. लक्ष्मीपूजनाच्या रात्री ते पुन्हा मित्रांकडे गेले होते. जाताना पाचशे रुपये आणि रात्रीची गोळी खिशात, बाकी पाकीट वहिनींकडे. बारा वाजता उठायचे, हे त्यांनी दुपारीच मित्रांना कळवले होते.

"चारशे हरलो मॅडम," ते म्हणाले. "बारा वाजता सगळे म्हणाले, आता शेवटचा डाव खेळून जा. मी म्हटलं, शेवटचा डाव झाला माझा, मघाशीच."

"मग?"

"मग काय, हसले थोडे. घरी आलो, गोळी घेतली, झोपलो. पहाटे चारला होडीवर हजर."